धाकट्या जावेला दिलेलं उत्तर

हे आजवर माझ्या तोंडून निघालेलं नाही. चौथीपर्यंत शिकले, तेवढ्या अक्षरांत लिहिते — बोलून सांगणार तरी कुणाला?

ऊस तोडायला आम्ही ढोकीकडं येतो. माझी धाकटी जाऊ शोभा आमच्याच टोळीत. मला आक्का म्हणते. माझ्याआधी कधी जेवायला बसली नाही. ज्या हंगामाचं सांगते आहे तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती, पदरात एक पोरगी.

त्या हंगामाच्या दोन वर्षं आधी मला एक दुखणं झालं होतं — कसं लिहू? अंगावरून पांढरं जायचं. वास यायचा, खाज सुटायची, लघवीला आग व्हायची. बाजाराचं निमित्त करून मी भूमच्या दवाखान्यात गेले, एकटी. तपासून झाल्यावर सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या, "नवरा-बायकोत एकमेकांना होतं हे. पुरुषाला बऱ्याचदा कळतही नाही. दोघांनी गोळ्या घ्या, पुऱ्या होईपर्यंत जवळ जाऊ नका. पुढं निरोध वापरा. पिशवीला काही झालेलं नाही."

नवऱ्याला मी अंगदुखीच्या म्हणून गोळ्या दिल्या. त्यानं विचारलंही नाही. मी बरी झाले.

आणि मग त्या हंगामात शोभा पाटावर धुणं धुता धुता खाली बघूनच म्हणाली, "आक्का, तुमाला कधी असं झालं व्हतं का?" सगळं तेच, जसंच्या तसं. आमच्या टोळीच्या मुकादमाची बायको तिला म्हणाली होती, पिशवी काढून टाक, कटकट मिटती. टोळीतल्या कितीजणींनी काढलेली — पाळी नाही, कामाला खाडा नाही.

मला उत्तर ठाऊक होतं. पण सांगितलं तर मलाही झालं होतं हे कळणार. मग कुठून आलं, कुणाकडून आलं — बायका काय काय बोलल्या असत्या? मी हातातलं लुगडं पिळत राहिले.

"न्हाय बाई," मी म्हणाले. "मला न्हाय झालं कधी."

ऑपरेशनच्या दिवशी खाजगी दवाखान्याबाहेर बाकड्यावर मी बसले होते. तिला आत न्यायला अर्धा तास होता. अर्ध्या तासात किती बोलता येतं? मी तिच्या पोरीच्या वेण्या घालत बसले. एकदा सोडून पुन्हा घातल्या.

आता तिची कंबर धरते. अंगातून वाफा निघतात म्हणते. मोळी उचलवत नाही, म्हणून तिच्या वाटच्या मोळ्या मी गाडीपाशी नेते. बायका म्हणतात, जाऊ असावी तर अशी.

मागच्या आठवड्यात भाकरी खाताना ती माझ्याजवळ सरकली. "आक्का, पिशवी काढली तरी अंगावरून जातंच की. असं का असंल?"

मी म्हणाले, "काय की बाई."

मला माहीत होतं.