न धुतलेलं लुगडं

हुलसूरच्या बसस्टँडमागच्या गल्लीत दुपारी बारा ते तीन मोठ्यानं बोलायची कुणाची टाप नाही. बोर्ड वगैरे काही लावलेला नाही तिथं, पण कोंडाबाई आहे. भंगारवाला आला की ती दारातूनच असा हात हलवते, की तो बिचारा भोंगा बंद करून पुढच्या गल्लीत जाऊन ओरडतो. आत पत्र्याच्या घराच्या बंदिस्त ओसरीवर सात लेकरं झोपलेली असतात. सात लेकरं एकदम झोपवणं म्हणजे काय, हे ज्यानं आयुष्यात एक तरी झोपवलंय त्याला सांगायला नको.

कोंडाबाईनं हे काम काही ठरवून धरलं नाही. नवरा बिराप्पा, त्याची दोनशे मेंढरं होती. गायरानावर प्लॉट पडले, बिराप्पाचे गुडघे कुरकुरू लागले, तशी मेंढरं विकत विकत अकरावर आली. घर एकदम मुकं झालं आणि ते कोंडाबाईला सोसेना. अशात खुरपणीला जाणारी शेजारीण एक दिवस आपलं पोर ठेवून गेली, तिच्यामागून दुसरी आली, आणि चार वर्षांत ओसरी भरली.

झोपवायची तिची रीत मात्र पक्की होती, आणि ती तिनं मेंढरांत शिकली होती. मेंढी आपलं पिल्लू डोळ्यांनी नाही, नाकानं ओळखते. आई मेलेलं कोकरू दुसरीजवळ नेलं तर ती ढुशी मारते. मग त्या दुसरीचंच दूध कोकराच्या पाठीला चोळायचं. ती हुंगते, जरा विचारात पडते, आणि गप उभी राहते. लेकरांचंही तसंच, असं कोंडाबाईचं ठाम मत. म्हणून नवीन पोर आलं की ती आईला सांगायची, “तुझं एक लुगडं आणून टाक. साडी आन, ओढणी आन, पर अंगावरनं उतरलेलं. धुतलेलं चालायचं न्हाई.”

जेवण झालं की सगळ्यांचे पाय धुवायचे, खिडकीला ओलं पोतं लावायचं, बिराप्पाचा मोबाइल पिठाच्या डब्यात टाकायचा, आणि घोंगड्यांवर ज्याला त्याला त्याच्या आईच्या लुगड्यात गुंडाळायचं. लाथा मारणारा सिद्धराम भिंतीकडं, बडबडी तुळजा कोंडाबाईच्या हाताच्या टप्प्यात. अर्ध्या तासात ओसरी गार.

सातवी होती माउली, अडीच वर्षांची. तिची आई स्नेहा जूनमध्ये तालुका कचेरीत कॉम्प्युटरवर कामाला लागली होती. पोरगी टापटिपीची. पहिल्या दिवशी तिनं इस्त्री केलेली, सेंट मारलेली ओढणी आणली. कोंडाबाईनं ती हुंगून परत दिली. “ह्याला दुकानाचा वास येतोय माय, तुझा न्हाई.” दुसऱ्या दिवशी लाजत लाजत घामेजलेली ओढणी आली आणि माउली झोपली.

पण स्नेहाची सासू नागूबाई, गावची पाटलीण, हिला हे काही पटेना. घरी दोन म्हशी, शेत, गडीमाणसं; तिला स्वतःला नातीपाशी बसायला सवड नव्हती, पण परक्याच्या ओसरीवर लेकरू झोपतं, यावर तिचा विश्वासही नव्हता. घट बसायला चार-पाच दिवस उरले असताना, शनिवारी स्नेहा रडवेली होऊन आली. सासूला ती आत्या म्हणायची.

“मावशी, आत्या सोमवारी दुपारी बघायला येणार हैत. माउली झोपलेली दिसली तर ठीक, न्हाईतर घेऊन जाते म्हणल्या. अन् मंगळवारपासून मी घरी.”

“येऊ दे की,” कोंडाबाई म्हणाली. “झोपलेलं लेकरू बघायला काय तिकीट लागतंय?”

मोठा घास घ्यावा, पण मोठा बोल बोलू नये म्हणतात, ते असं. रविवारी लेकरांना सुट्टी. आणि घट बसायच्या आधी घरातली चिंधीन् चिंधी धुतली पाहिजे, हे कोंडाबाईच्या हाडात भिनलेलं. तिच्या माहेरी, मादन हिप्परग्याला, तर उंबऱ्यावरचं पायपुसणंसुद्धा सुटायचं नाही. पहाटेच तिनं पदर खोचला. घोंगड्या, वाकळा, पडदे, गाठोड्यामागून गाठोडं बिराप्पाच्या मोटरसायकलवर ओढ्याला गेलं. सोडा-साबणात भिजवलं, दगडावर आपटलं, बाभळीवर वाळवलं. संध्याकाळी घड्या घालता घालता तिच्या हातात एक ओढणी आली. तिनं सवयीनं नाकाशी नेली. साबण आणि ऊन, दुसरं काही नाही.

सातही लुगडी धुतली गेली होती.

“आई गं!” ती मटकन खाली बसली.

बिराप्पाला आधी हसूच आलं. “दोनशे मेंढरांची नाकं कळली तुला, अन् सात लेकरांची न्हाई व्हय?” मग तिचा चेहरा बघून त्यानं हसू गिळलं.

सोमवारी सकाळी तिनं एकेका आईला दारात गाठलं. पण गावात घट काय एकटीच्या घरी बसणार होते? सगळ्यांनीच रविवार सार्थकी लावला होता. “कालच सगळं धुतलंय की मावशी!” सगळ्या मोठ्या अभिमानानं सांगत होत्या. स्नेहानं घाबरून अंगावरची ओढणी काढली. तीही सकाळीच घडी मोडलेली. कोंडाबाईनं ती परत तिच्या खांद्यावर टाकली. “जा तू कामाला. मी बघते,” म्हणाली खरी, पण काय बघणार, ते तिचं तिलाच कळत नव्हतं.

दुपारी ओसरीवर जत्रा भरली. सिद्धराम भिंतीवर लाथा मारून ताल धरत होता. तुळजानं लुगडं हुंगून जाहीर केलं, “आज्जी, माज्या मम्मीला साबनाचा वास यायलाय!” माउली मधोमध बसून टाहो फोडत होती. कोंडाबाईनं गाणं म्हटलं, पाठ थोपटली, मांडीवर हलवलं. काही उपयोग नाही. आणि तेवढ्यात दारात नागूबाई.

“बघ,” नागूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. “मी काय म्हणत होते?”

कोंडाबाईला खोटं बोलता आलं असतं. दात यायलेत म्हणायचं, पोट दुखतंय म्हणायचं. पण तिनं सरळ सांगून टाकलं, “माझं चुकलंय अक्का. वासाची लुगडी मीच धुऊन बसले. लेकराचा दोष न्हाई, अन् तुमच्या सुनेचा तर न्हाईच न्हाई.”

“वासानं कुठं लेकरं झोपतेत? मेंढरं हैत काय ही?” माउलीला उचलून नागूबाई खाली टेकली. “पाणी दे घोटभर. उन्हातनं आलेय. पिते अन् हिला घेऊन जाते.”

कोंडाबाई जड पायांनी आत गेली. माठातलं पाणी तांब्यात घेताना तिचे डोळे भरून आले. नोकरी त्या पोरीची जाणार होती आणि घात आपल्या हातानं झाला होता. तांब्या घेऊन ती बाहेर आली, तर ओसरीवर आवाज कमी झालेला.

माउलीनं तोंड आजीच्या पदरात खुपसलं होतं. त्या पदराला म्हशीच्या दुधाचा, चुलीच्या धुराचा, मिश्रीचा वास होता. घरचा वास. एक हुंदका आला, मग अर्धा, मग अंगठा तोंडात गेला. पाण्याचा घोट घेईपर्यंत पोरगी झोपली.

‘बघा, म्हटलं नव्हतं?’ हे कोंडाबाईनं ओठांवरच थोपवलं. तिच्यासारखीला ते किती जड गेलं असेल, तिचं तिलाच ठाऊक.

नागूबाईनं उठायचा प्रयत्न केला. माउलीनं मुठीत पदर आवळला आणि कुरकुरली. नागूबाई खाली बसली. मग तुळजा सरकत आली आणि पदराचं टोक नाकाशी धरून आडवी झाली. तिच्यामागून सिद्धराम, त्याच्यामागून आणखी दोघं. उरलेली दोघं कंटाळून आपोआप झोपली. थोड्या वेळानं भिंतीला टेकून नागूबाईसुद्धा घोरू लागली, आणि बिराप्पानं दारातून डोकावून बोटांवर मोजलं, “आठ.”

साडेतीनला नागूबाई दचकून जागी झाली. “अगं बाई, म्हशी! धार काढायची वेळ झाली.”

इतर लेकरं उठून खेळत होती. माउली मात्र पदर धरून गाढ झोपलेली. कोंडाबाई मन घट्ट करून म्हणाली, “उठवून देते अक्का. घेऊन जावा.”

“उठवतीस?” नागूबाई केवढ्यानं तरी फिस्कारली. “झोपलेलं लेकरू कुनी उठवतंय का? अक्कल हाय का न्हाई तुला?”

मग बिराप्पाला गल्लीत हाकललं, दार लोटलं, आणि दोन बायांनी मिळून हळूहळू, श्वास रोखून, नागूबाईला तिच्या लुगड्यातून सोडवलं. ते माउलीभोवतीच राहिलं. बसस्टँडवरच्या लोकांनी त्या दिवशी पाहिलं, नागूबाई पाटलीण कोंडाबाईचं विटकं हिरवं लुगडं नेसून, ताठ मानेनं म्हशींकडं चालली होती.

मंगळवारी सकाळी कोंडाबाई नऊपासून दारात. नागूबाई काय ठरवते, याचा अजून पत्ता नव्हता. सव्वानऊ झाले, साडेनऊ झाले. मग कोपऱ्यावरून माउली धावत आली, मागून पिशवी घेऊन स्नेहा.

पिशवीत हिरवं लुगडं होतं, धुऊन घडी घातलेलं.

“अन् आत्याचं लुगडं द्यायचंय न्हवं?” कोंडाबाईनं विचारलं.

“ते हितंच राहू द्या म्हणल्या. त्यांनीच मला डबा भरून दिला आज, उशीर व्हायलाय म्हणून.” स्नेहाला बोलता बोलता हसू फुटलं. “अन् निरोप हाय तुम्हाला. घट बसू दे न्हाईतर दसरा येऊ दे, कोंडाबाईला म्हणावं, माझ्या लुगड्याला पाणी लावू नको.”

कोंडाबाई हसली, आणि डोळे पुसायला तिनं जवळचं होतं तेच हिरवं लुगडं वापरलं. मग स्नेहाला म्हणाली, “जा की आता, हापिसाला उशीर होईल.”