ज्याचं दुखणं, त्याचं बटन

वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर ऑपरेशन झालेल्या माणसाला ‘दुखतंय का?’ असं विचारत नसत. ‘खोकून दाखवा,’ म्हणत. परभणीच्या त्या दवाखान्यात माझ्या आईच्या पोटाचं ऑपरेशन झालं, तेव्हा ती सगळ्यांना ‘न्हाई दुखत’ असंच सांगत होती. सिस्टरांनी खोकायला लावलं. अर्ध्या खोकल्यातच आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिच्या सलाइनला दुखण्याच्या औषधाचा पंप जोडला होता. दुखलं की हातातलं बटन दाबायचं, ठरलेलं औषध आपोआप जायचं. आई ते दाबतच नव्हती. सवय लागेल अशी तिला भीती.

“एवढ्यानं सवय लागत न्हाई, मावशी,” सिस्टर म्हणाल्या. “पण खोकला दाबून ठेवला तर छातीत कफ साचंल. बटन दाबा, जरा थांबा, मग खोका.”

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा, म्हणजे माझे वडील, आईजवळ बसले होते. ती झोपेत कण्हली की ते बटन दाबत. नंतर तिचं कण्हणं थांबलं. आम्हाला वाटलं, गाढ झोप लागली.

सिस्टर फेरीला आल्या आणि आईच्या छातीकडे पाहतच राहिल्या. हाक मारली, खांदा हलवला. आई उठेना. त्यांनी पंप बंद केला, हनुवटी वर उचलली, ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना बोलावलं. आवाज जरासुद्धा चढला नाही. औषधाचा असर उतरवणाऱ्या इंजेक्शननंतर आईने डोळे उघडले. आम्हाला जी शांत झोप वाटली, त्यात या बाईला मंदावलेला श्वास दिसला होता.

अण्णांनी हातातलं बटन गादीवर ठेवलं. “कण्हायली होती. मला बघवंना.”

“मायेनंच दाबलं तुमी, मामा. मशीन एका दमात जास्त देत न्हाई, पण दाबत राहिलं की औषध अंगात साचतंय. झोपलेला माणूस बटन दाबत न्हाई, त्यातच त्याची राखण हाय. ज्याचं दुखणं, त्याचंच बटन.”

डॉक्टरांनी पंप पुन्हा सुरू केला, तेव्हा सिस्टरांनी बटन आईच्याच मुठीत दिलं. तिने दाबलं, थांबली, आणि पोटाला उशी धरून खोकली.

घरी निघालो त्या दिवशी सिस्टर दुसऱ्या पेशंटपाशी होत्या. “बोलवू नका, काम चाललंय तिचं,” आई म्हणाली. पुढे त्या निवृत्त होऊन गाव सोडून गेल्या. पुन्हा भेट झाली नाही.

त्या दिवशी घरी जाताना पेडगावच्या रस्त्यावर ऑटो खड्ड्यात आदळला. आईने पोट धरलं. घरातलं सगळं आजवर अण्णाच ठरवत आलेले. त्यांनी ड्रायव्हरला थांबवायला हात उचलला, तसाच खाली घेतला आणि आईकडे वळले.

“थांबायचं का? तू सांग.”

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “थांबा जरा.”