तिसऱ्या पाळीवाल्याला चार एमबीची खोली

"सोळा जीबीच्या मशीनमध्ये ह्याका जागा नाय? मेलो काय हत्ती आसा?"

काकू एवढ्या मोठ्याने ओरडल्या की समोरच्या टॉवरच्या चार बाल्कन्यांत माणसं बाहेर आली, आणि माझी खात्री आहे, शिवडीचे फ्लेमिंगो त्या वर्षी वेळेआधी उडाले ते ह्याच दुपारी.

काकू म्हणजे आमच्या लालबागच्या चाळीतल्या शेजारच्या खोलीतल्या. चाळीस वर्षं त्यांच्यात आणि आईत एकच भिंत होती, आणि दोघींच्या बोलण्याने त्या भिंतीला फक्त भोक पडायचं राहिलं होतं. मग चाळ पाडून बावीस मजली इमारत झाली. एकोणिसाव्या मजल्यावर आम्ही, त्याच मजल्यावर लिफ्टच्या पलीकडे काकू. अंतर म्हणाल तर वीस पावलं. पण चाळीत दुपारी दारं उघडी असायची. इथली आपोआप मिटतात, खट्ट. बेल वाजवून शेजारणीकडे जायचं हे काकूंना जमेना. बेल पोस्टमनने वाजवायची, असं त्यांचं मत. दोन महिन्यांत त्या आईकडे चार वेळा आल्या, आणि चौथ्या वेळी सांगायला आल्या की रविवारी टेम्पो बोलावलाय, फ्लॅट भाड्याने देऊन कायमची कल्याणला लेकाकडे जाते. आई "बरं" म्हणाली. त्या रात्री आमटीत दोनदा मीठ पडलं. माझी आई रडत नाही, मीठ टाकते.

म्हणून बुधवारी मी सुट्टी टाकली आणि कपाटातून एक जुनी हार्ड डिस्क काढली. ती आमच्या गणपती मंडळाच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरची. पावत्या छापायला आणलेलं ते यंत्र वर्षातले अकरा महिने नुसतं बसून असायचं, आणि दुपारी दोन ते चार त्याच्यापुढे आई आणि काकू बसायच्या. त्यात डॉसवरचा, म्हणजे विंडोजच्याही आधीच्या काळातला, एक गेम होता. कंदील घेतलेला एक बुटका माणूस खाणीत उतरतो, हिरे गोळा करतो, वरून दगड पडतात. काकूंचे यजमान गिरणीत रात्रपाळी करायचे, म्हणून त्या बुटक्याचं नाव पडलं तिसऱ्या पाळीवाला. कार्यकर्ते वर्गणीच्या याद्या छापायला आले की ह्या दोघी मान न वळवता म्हणायच्या, "थांबा रे, हा वर येऊ दे." एकदा खुद्द अध्यक्ष पाऊण तास ताटकळले होते, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलोय. खरं तर बारा मिनिटं.

सगळ्यात मोठा स्कोअर काकूंचा होता. तो त्या डिस्कवर अजून तसाच होता.

मी काकूंची बेल वाजवली नाही. दारावर थाप मारली आणि म्हटलं, "काकू, तिसऱ्या पाळीवाला आलाय." त्या निवडत होत्या ती मेथी हातात घेऊनच निघाल्या. निम्मी वीस पावलांत सांडली.

आणि आमच्या नव्या, सोळा जीबीच्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर आलं, पुरेशी मेमरी नाही. तेव्हाचं ते ओरडणं.

आता नव्या कॉम्प्युटरवर हे जुने गेम सरळ चालत नाहीत. डॉसचं सोंग घेणारा एक प्रोग्राम लागतो, आणि त्या सोंगाला मेमरी किती द्यायची तो आकडा आपण एका फाइलमध्ये लिहायचा असतो. मी पडलो चाळीतला. दहा बाय बाराच्या खोलीत सात जण वाढलेलो. जागा कमी पडते असं कुणी म्हटलं की माझा हात आपोआप सैल सुटतो. बत्तीस एमबी लिहिले. नाही. चौसष्ट. नाही. मग म्हटलं, घे लेका, तू पण काय आठवण ठेवशील, आणि पाचशे बारा लिहून मोकळा झालो.

गेम म्हणाला, उपलब्ध मेमरी उणे काही हजार.

"उणे?" आई चष्मा पुढे सरकवत म्हणाली. "म्हणजे तू दिलीस तीही गेली?"

"बिल्डरच्या हातात दिलंस काय रे?" काकू म्हणाल्या.

मी समजावलं. हा गेम लिहिला तेव्हा एवढी मेमरी कुणी पाहिलीच नव्हती. ह्याच्याकडे मोजायला बोटं थोडी. त्यापलीकडे आकडा गेला की मोजणी उलटी फिरते, आणि ह्याला वाटतं आपल्याकडे काहीच नाही.

"मंडळाच्या कॉम्प्युटरात किती होती?" आईने विचारलं.

"चार."

"आणि तू दिलीस पाचशे बारा. एका खोलीवाल्याला एकशे अठ्ठावीस खोल्या." माझी आई असले भागाकार भाजी घेताना करते.

काकू म्हणाल्या, "घाबारलो आसतलो. मी पण त्या हॉलात झोपाक नाय अजून. सैपाकघरात ओट्याकडे अंथरूण घालतंय."

"मला बोलली नाहीस ते."

"बेल वाजवन सांगू काय?"

मी गुपचूप पाचशे बारा खोडून चार लिहिले.

तिसऱ्या पाळीवाला अर्धा उठला. उणेबिणे गेलं, पण नवी तक्रार आली, खालच्या भागात जागा कमी आहे. डॉसची ही एक गंमत असते. मेमरी कितीही असू दे, गेम पहिला पाय ठेवतो तो सुरुवातीच्या सहाशे चाळीस केबीतच. आणि मी शहाणपणाने कॉम्प्युटर सुरू होताना चालते ती जुन्या डिस्कवरची फाइल जशीच्या तशी उचलली होती. त्यामुळे माऊसचा प्रोग्राम, आवाजाचा प्रोग्राम, सीडीचा प्रोग्राम असे तिघे आधीच तिथे मांडी घालून बसले होते.

"म्हणजे खोलीत पाहुणे बसलेत," आई म्हणाली.

"तसंच."

"मग पोटमाळ्यावर चढव त्यांना."

मी आईकडे बघतच राहिलो, कारण डॉसमध्ये नेमकं हेच करतात. त्या प्रोग्रामच्या ओळीआधी एक शब्द लिहिला की तो सहाशे चाळीसच्या वर जाऊन बसतो आणि खालची जागा मोकळी होते. कॉम्प्युटरच्या कोर्सला मला जे तीन महिने शिकवलं, ते ह्या बाईने काकूंची उरलेली मेथी निवडता निवडता सांगितलं. मी माऊसला वर चढवलं, आवाजाला वर चढवलं. "तो सीडीवालो कोणाचो कोण?" काकूंनी विचारलं. सीडी नव्हतीच, म्हणून त्याला जिन्यापर्यंत सोडून आलो.

आणि कंदील पेटला.

खाण तीच, दगड तेच, आणि वर कोपऱ्यात काकूंचा आकडा. काकूंनी तो बोटाने पुसून बघितला, धूळ असल्यासारखा. "आसा," म्हणाल्या.

पहिला डाव आईने घेतला. गुडघ्यांसाठी दोन औषधं घेणारी ही बाई त्या खाणीत अशी धावली की मला खुर्ची धरून ठेवावी लागली. दगड पडत होते, काकू शेजारून मुद्दाम चुकीच्या दिशा सांगत होत्या, आई त्याच्या बरोबर उलट जात होती. पंधराव्या मिनिटाला वरचा आकडा बदलला. तीस वर्षं जागचा न हललेला आकडा. आईने हात मांडीवर ठेवले. उठली, देवघराजवळचा पाट आणला आणि आमच्या दारात आडवा घातला. दार येऊन पाटावर टेकलं आणि उघडंच राहिलं.

काकू तोवर खुर्चीत सरकून बसल्या होत्या. मी आपला सहज विचारल्यासारखं विचारलं, "काकू, रविवारी टेम्पो किती वाजता येतोय?"

"त्याका नको म्हणून सांग," काकू स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाल्या. "माझो डाव बाकी आसा."