संकष्टीचा चंद्र आणि मुंबईचं कॅलेंडर

परवा संकष्टीला मी आमच्या छतावर अक्षरशः तोंड वासून उभा होतो...

जबलपूरच्या गोहलपुरात माझं मोटर वाइंडिंगचं वर्कशॉप आहे. काम करता करता मोबाइलवर आकाशाचे व्हिडिओ लावून ठेवतो. बघणं कमी, ऐकणं जास्त... शनीची कडी, गुरूचे चंद्र, सगळीकडे कानांनीच फिरून आलोय!

परवा घरी आल्यावरही तसाच एक लावला. बायको मीना सकाळपासून उपाशी. तिला शुगर आहे, डॉक्टर उपास नको म्हणतात, ती ऐकत नाही. मी नेहमीसारखं कॅलेंडर बघून सांगितलं, "आठ एकोणसाठ. अजून दहा मिनिटं."

तेवढ्यात व्हिडिओतला माणूस सहज बोलून गेला... पूर्वेकडच्या गावांत चंद्र आधी उगवतो. मुंबईपेक्षा नागपूरला जवळपास पंचवीस मिनिटं आधी.

कान टवकारले. आम्ही जबलपूरवाले तर नागपूरच्याही पूर्वेला. आणि कॅलेंडर? ते दर वर्षी ताई मुंबईहून पाठवते. जवळ जाऊन पाहिलं, खाली बारीक अक्षरांत छापलेलं... वेळा मुंबईच्या.

धावत छतावर गेलो. समोरच्या घरांच्या टाक्यांवर चंद्र आरामात बसलेला!

मनातल्या मनात हिशेब केला. सव्वीस वर्षं, दर महिन्याला, या बाईला अर्धा अर्धा तास मी उगाच उपाशी ठेवलं. गेल्या वर्षी एकदा चक्कर येऊन ती ओटा धरून मटकन खाली बसली होती... तेव्हाही मी घड्याळच दाखवलं होतं.

वरूनच ओरडलो, "मीना, लवकर ये, चंद्र केव्हाचा आलाय!"

ती पूजेचं ताट घेऊन वर आली, जरा दम खाल्ला. "अच्छा, तुम्हाला आज दिसला काय? मी तर रात्री वाळलेले कपडे काढायला येते, तेव्हा दर वेळी पाहून राहिली."

"मग सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं होतं ना जी. लग्न झालं त्याच वर्षी. तुम्ही म्हणाले, कॅलेंडर छापणाऱ्यापेक्षा तुला जास्त कळते का?"

मला काही आठवेना. पण म्हटलं असणारच... वाक्य शंभर टक्के माझंच आहे.

तिने अर्घ्य दिलं, आम्ही खाली येऊन जेवायला बसलो. तिने पहिला घास घेतला, तेव्हा माझी मान काही वर झाली नाही.

त्या व्हिडिओवाल्या भाऊचे मनापासून आभार. पण एकदा सांगून पुढे इतकी वर्षं काही न बोलता थांबलेल्या बाईचे कसे मानायचे, ते अजून सुचलेलं नाही...