सहा वाव

पेनल्टी मिळाली की अब्बासचाचा मैदान सोडून चालू लागत. कोणाला मिळाली, कोण मारणार, काही पाहायचं नाही. लुंगी सावरत थेट सुरूच्या झाडांमागे. ओरडा झाला की परत येत आणि मला विचारत, "झालां काय, मास्तर?" वास्तविक ते मैदान आखायचं काम त्यांचंच. रत्नागिरीत किनाऱ्याजवळच्या आमच्या मैदानावर दर रविवारी सामना असे आणि सकाळपासून हे सत्तरी उलटलेले गृहस्थ फक्कीचं घमेलं घेऊन फिरत. बाकीच्या रेघा कशाही असोत, पेनल्टीची खूण मात्र टेपने तीनदा मोजत. "दोनदा मोजलेलां चुकतां," म्हणत, "तिसऱ्या टायमाला माणूस घाबरलेला असतो, तेव्हा बरोबर येतां."

मी हायस्कुलात इंग्रजी शिकवत असे आणि संघाचा कागदोपत्री कारभार माझ्याकडे होता. चाचा जहाजावरून निवृत्त झालेले खलाशी. घरी गेलो तरी ते बसलेले कधी दिसले नाहीत. चहाची बशी हातात आणि ओटीवर फेऱ्या. झुबेदाचाची म्हणत, "ह्यांच्या फेऱ्यांनी माझी लादी झिजली. जहाज सुटलां, डोलणां नाय सुटलां." मला वाटे, असतो एकेकाचा स्वभाव. खरं कारण कळायला सात वर्षं लागली, आणि तेही आमच्याच एका पोराने पेनल्टी घालवली म्हणून. चाचा झाडांमागून आले, पोराचा चेहरा पाहिला आणि मला बाजूला घेऊन सगळं सांगून टाकलं.

तरुणपणी त्यांचं जहाज उत्तर जर्मनीतल्या एका बंदरात इंजिन मोडून अडकलं, ऑगस्टपासून मेपर्यंत. गावात एक फुटबॉल क्लब होता, दुसऱ्या दर्जाच्या प्रादेशिक साखळीत खेळणारा. मैदान राखणाऱ्या म्हाताऱ्याने चाचांना फक्की मारायला धरलं. बदल्यात सामना फुकट आणि वर गरम सूप. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती. "तो मला काय म्हणायचा, अल्लाला ठाऊक," चाचा हसत. त्या हंगामानंतर ती साखळीच बंद होणार होती. वरचे काही क्लब नव्या, मोठ्या स्पर्धेत जाणार आणि उरलेले खाली ढकलले जाणार. चाचांचा क्लब नेमका काठावर. शेवटचा सामना जिंकला तर वर, नाहीतर खाली.

त्या सामन्याच्याच सकाळी म्हातारा तापाने पडला आणि टेप राहिली त्याच्या कपाटात, कुलपात. जहाज दुरुस्त होऊन दुपारी सुटणार होतं. बाकीच्या रेघा दिसत होत्या, त्यांवरून चाचांनी फक्की फिरवली. पेनल्टीची खूण मात्र चिखलात गेली होती. अकरा मीटर म्हणजे सहा वाव, एवढं खलाशाला पाठ असतं. मिरकरवाड्याला बापाच्या होडीवर दोर मोजत तसे त्यांनी दोन्ही हात पसरून सहा वाव मोजले, खूण मारली आणि बंदराकडे धावले. जहाज समुद्राला लागल्यावर सारंगाने, म्हणजे खलाशांच्या मुकादमाने, दोर मोजायला दिला, तेव्हा डोक्यात उजेड पडला. जहाजावरचा वाव पुऱ्या सहा फुटांचा, आणि चाचा पडले ठेंगणे. त्यांचा वाव दर खेपेला चार-पाच बोटं कमी भरे. सहा वावांत जवळजवळ दोन फूट गेले होते.

"त्या खुणेवरनं कोणीतरी मारलान असणार," चाचा म्हणाले. "आमच्यावर गोल झाला असंल तर तो माझा."

पन्नासएक वर्षं त्यांनी निकाल विचारला नव्हता. मी मोबाइल काढला की माझा हात धरत. शेवटी चाचींनीच फर्मावलं, "मास्तर, विचारून टाका. व्हायचां तां होऊन गेलां." चाचांनी ओटीवर आणखी दोन फेऱ्या मारल्या. मग म्हणाले, "लिवा. पण वावाचां पण लिवा, लपवू नका." मी क्लबला ई-मेल धाडला.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. लिहिणारा क्लबची जुनी कागदपत्रं सांभाळणारा एक गृहस्थ, तेव्हा त्याच संघातला खेळाडू. मी ओटीवर वाचून, मराठीत सांगत गेलो. रेफ्रीने सामन्याआधी स्वतःची टेप लावली होती. खूण चुकलेली दिसली म्हणून पुसून नवी मारून घेतली. शेवटच्या मिनिटांत, बरोबरी असताना, क्लबला पेनल्टी मिळाली. ती याच गृहस्थाने बरोबर अकरा मीटरवरून मारली आणि बारच्या वरून घालवली. क्लब खाली गेला. 'तुमची काही चूक नाही, चूक माझी,' त्याने लिहिलं होतं. 'अजून मी त्या गोलाकडच्या फाटकाने आत जात नाही.'

चाचा आधी रागावले, अगदी खरोखर. "माझी फक्की पुसली त्यांनी?" मग भिंतीला टेकून खाली बसले. मला फार बरं वाटलं. म्हटलं, "चाचा, सुटलात."

"मी सुटलो. आणि तो?"

मी पत्राचा शेवट पुन्हा वाचला.

"लिवा त्याला," चाचा म्हणाले. "फक्की पुसताना माती उकरली असंल, म्हणावं. तिथेच त्याचा पाय सरकला. अर्धी चूक माझ्याकडे ठेव म्हणावं. एकट्याला भारी होतां."

"चाचा, हे काही खरं नाही."

"तुमाला काय म्हाईत? तुम्ही होतात तिथे?"

शाळेच्या दाखल्यावर जन्मात एक अक्षर खोटं न लिहिलेल्या मी ते सगळं तसंच्या तसं लिहून पाठवलं. चाचा त्या वर्षीच्या थंडीत गेले. त्याआधी उत्तर आलं, हे फार बरं झालं. एकच ओळ होती, आणि चाचांनी ती मला चारदा वाचायला लावली: 'अर्धी तुमच्याकडे ठेवली.'