टाकीचं झाकण

मित्रांनो, आज देशावर मोठं संकट कोसळलं. येडशीजवळ माझी गाडी आचके देत बंद पडली.

पेट्रोल महाग, वर त्यात इथेनॉल. काल जिथं टाकी भरली, त्याच पंपावर चालत गेलो आणि तिथल्या वयस्कर दत्तूमामांवर चारचौघांत ओरडलो, "पाणी विकता का?" मामांनी चहा पुढं केला. मी घेतला नाही.

बाहेर येऊन बायकोला फोनवर पराक्रम सांगितला. ती म्हणाली, "अहो, काल गाडी धुताना टाकीचं झाकण उघडंच ठेवलं होतं तुम्ही. पाणी आत गेलं असंल."

परत गेलो. मामांच्या कानाशी हळूच माफी मागितली. ते म्हणाले, "आता तरी चहा घ्या. का त्यातबी पाणी हाय म्हनता?"

ओरडताना चारचौघं लागतात आणि माफी मात्र कानात. असं का होतं हो आपलं?

मी गुमान चहा प्यालो. मग तीच माफी सगळ्यांना ऐकू जाईल अशी पुन्हा मागितली.