दुसरा डबा

त्या पाणीवाल्या काकांचं नाव मी कधी विचारलं नाही, याची आज लाज वाटते. महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि मी बुलढाण्यात शिकत होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. ते चर्चच्या विहिरीचं पाणी कावडीनं घरोघरी पोचवायचे. कावड उचलण्याआधी खांद्यावरचं फडकं दोनदा झटकायचे. रविवारी तेच फडकं धुऊन, घडी घालून, शेवटच्या बाकावर बसायचे.

त्या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात मी पुस्तकं मिटून ठेवली. परीक्षा पंधरा दिवसांवर होती, पण सगळा वेळ देवाला दिला की तो सांभाळेल, असं मला मनापासून वाटे. एका सकाळी विहिरीपाशी डोळ्यांपुढे अंधारी आली. त्यांनी मला बसवून भाकर पुढे केली.

"उपास आहे, काका. अभ्यासही सोडलाय. फक्त प्रार्थना करतो."

"काऊन बे? येशू सुतारकाम शिकला नाही का? मायच्या हातचं जेवला नाही का?"

त्यांनी कावडीचा एकच डबा अर्धा भरला आणि कावड माझ्या खांद्यावर दिली. दोन पावलांत मी कलंडलो. ते हसले.

"थांब, तुले दुसराबी तेवढाच भरून देतो."

"अजून जड होईल ना!"

"होऊ दे. चालून तं पाह्य."

ओझं दुप्पट झालं, तरी मी चर्चच्या दारापर्यंत सरळ चालत गेलो. परत येऊन मीच भाकर मागितली.

त्या दिवशी प्रार्थनेनंतर पुस्तक उघडलं, तेव्हा देवाकडे पाठ केल्यासारखं वाटलं नाही.